दोन गावांचा रहिवासी

इयत्ता आठवीच्या वर्गात मी एके दिवशी काळ व वेगाची उदाहरणे सोडवून घेत होतो. फळ्यावर नेहमीचेच गणित होते : एक मनुष्य रोज घरापासून ६० किलोमीटर अंतरावर कामास जातो, जाताना त्याचा वेग अमुक, येताना तमुक, तर त्याचा सरासरी वेग किती? मुलांनी माना खाली घालून आकडेमोड सुरू केली. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि अगदी निष्कपटपणे म्हणाला, "सर, पण तो माणूस इतक्या लांब राहतोच कशाला?"

वर्ग हसला, मीही हसलो व त्यास खाली बसविले. सरासरी वेगाचे उत्तर मजजवळ तयार होते. त्याच्या प्रश्नाचे मात्र नव्हते. कारण तो साठ किलोमीटरचा मनुष्य मीच होतो. त्या सायंकाळी गाडीत बसलो तेव्हा तो प्रश्नही मजबरोबर बसला, आणि पुढे कित्येक महिने त्याने माझी पाठ सोडली नाही. वार्षिकासाठी लेख लिहावा अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा वाटले की, त्या मुलाचे उत्तर देण्याचे जे राहून गेले ते येथेच द्यावे. विद्यार्थी मित्रांना विषय किंचित रुक्ष वाटेल. परंतु ज्यांना घर कोठे करावे हा प्रश्न कधी ना कधी पडला आहे, अशा पालकांना तो परका वाटणार नाही.

माझे जन्मघर जालन्याचे. कुंडलिका नदीने या शहराचे जुना जालना व नवा जालना असे दोन भाग केले आहेत, हे आपणांस सांगणे नलगे. आमचे घर जुन्या भागात, एका अरुंद गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, दाराशी दगडी ओटा आणि ओट्यावर सावली धरणारा एक कडुनिंब. घरापासून शाळा पायी सात मिनिटांवर. गल्लीत रिक्षा वळत नसे, गटार उघडे होते, आणि कोणाच्या घरी भांडण झाले तर त्यातील प्रत्येक शब्द साऱ्या आळीला कळे. या घरात मी विवाहानंतरची सात वर्षे काढिली.

पुढे २०१२–१३ सालचे अवर्षण आले. त्या वर्षी जालना जिल्हा महाराष्ट्रातील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या. शहरात टँकर येई त्या दिवशी इतर सर्व कामे बाजूस पडत. माझी पत्नी घागरी, बादल्या, डबे घेऊन दोन-दोन तास रांगेत उभी राही. एके दिवशी ती भरलेली घागर खाली ठेवून मला म्हणाली, "अहो, पाणी भरण्यातच माझा जन्म जायचा का? आपल्या मुलीने तरी यातून सुटावे, असे तुम्हांला वाटत नाही का?" या बोलण्यात तक्रारीपेक्षा थकवा अधिक होता, आणि थकलेल्या माणसाशी वाद घालणे मला कधी साधले नाही.

अशा रीतीने जून २०१३ मध्ये आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सिडको भागातील एका शांत वसाहतीत बिऱ्हाड नेले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, मुलांना खेळावयास बाग, आणि सहा वर्षांच्या मुलीला चालत जाता येईल अशी शाळा. माझी नोकरी मात्र जालन्यासच राहिली. आईने येण्यास नकार दिला. "ज्या गल्लीत मी नवरी होऊन आले, ती सोडून मी तिसऱ्या मजल्यावर काय करू?" असे ती म्हणाली. मी मनाशी म्हटले, रोज जालन्यास जातोच आहे, रोज भेटेन.

प्रथमचे काही महिने फार आनंदाचे गेले. मात्र एका गोष्टीचे हसू आल्यावाचून राहत नसे. ज्या पाण्यासाठी गाव सोडले, ते तेथेही नळाला काही दिवसांआडच येई, आणि पुढे पुढे हे अंतर वाढतच गेले. फरक एवढाच की, येथे घागर नव्हती, गच्चीवर मोठी टाकी होती. पत्नीचे उभे राहणे थांबले, आणि हा लाभ लहान नव्हता, हे मी आजही प्रांजळपणे कबूल करितो.

आता माझ्या प्रवासाविषयी. मुकुंदवाडीहून निघालेली गाडी चिकलठाणा, करमाड, बदनापूर, दिनेगाव करीत जालन्यास येते. हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात घातला गेला. तो मीटरगेजचा होता व गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. या मार्गावर रोज येजा करणाऱ्यांची एक निराळीच जात आहे. तिला सर्वजण 'अप-डाऊनवाले' म्हणतात. शिक्षक, कारकून, परिचारिका, बँकेतील मंडळी, कारखान्यातील कामगार. कोणी पत्ते कुटतो, कोणी भजन म्हणतो, कोणी भगिनी संध्याकाळची भाजी निवडून ठेवितात. मी मुलांच्या वह्या तपाशीत असे. या डब्यात मला चांगले स्नेही मिळाले. तेव्हा प्रवासाचा सर्वच वेळ फुकट गेला, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि गणिताच्या शिक्षकाने हिशेब मांडिलाच पाहिजे. घरापासून स्टेशन गाठणे व गाडीची वाट पाहणे अर्धा तास. गाडीत एक तास, कधी अधिक. जालना स्टेशनपासून शाळेपर्यंत वीस मिनिटे. गाडी रेंगाळली की आणखी काही. जाण्याचे दोन तास, येण्याचे दोन, मिळून चार. वर्षात शाळेचे सुमारे २२० दिवस धरिले तर ८८० तास होतात; म्हणजे ३६ दिवस आणि १६ तास, अहोरात्र मोजलेले. मी असा दहा शैक्षणिक वर्षे प्रवास केला. त्यांतून महामारीमुळे शाळा बंद असल्याची दोन वर्षे वजा केली तरी आठ वर्षांचे ७,०४० तास उरतात. त्यांचे दिवस केले तर २९३ भरतात. आयुष्यातील साडेनऊ महिन्यांहून अधिक काळ, ज्यात रात्रीची झोपदेखील धरिलेली नाही, मी जालना व संभाजीनगर यांच्या दरम्यान ठेविला. भाड्याच्या रकमा, घराच्या किमती, पासाचे पैसे हे सर्व आम्ही घर बदलताना पैन्‌पै मांडिले होते. हा रकाना मात्र कोरा राहिला होता.

मग मी स्वतःस विचारिले, हे तास पूर्वी कोठे जात असत? उत्तर ओट्यावर मिळाले. जालन्यास राहत असताना शाळा सुटली की आमच्या ओट्यावर गल्लीतील पाच-सात मुले पाटी-वही घेऊन बसत. तो काही वर्ग नव्हता. शुल्क नव्हते, हजेरी नव्हती. ज्यास अपूर्णांक कळला नाही तो येई, ज्याच्या घरी दिवा नसे तो येई, आणि कित्येकदा एखादा केवळ आईने हाकलले म्हणूनही येई. मी गाव सोडिले त्या दिवसापासून ओटा रिकामा झाला. कोणी मला दोष दिला नाही. शिक्षकाने घरच्या ओट्यावर शिकवावे असे कोठे लिहिले आहे?

त्या काळातील एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. २०१७ सालच्या पावसाळ्यात एक विद्यार्थी सलग तीन दिवस शाळा सुटल्यावर फाटकाशी उभा राहून, "सर, थोडे बोलायचे होते," असे म्हणाला. तीनही दिवस मी घड्याळाकडे पाहिले व म्हणालो, "उद्या बोलू, गाडी चुकेल." चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या वडिलांचे काम सुटले होते आणि घरच्यांनी त्यास एका दुकानात लावून दिले होते, हे मला दोन आठवड्यांनी कळले. मी त्याच्या घरी जाईपर्यंत महिन्याची उचल घेऊन झाली होती. त्याने शाळा सोडली ती कायमची. तीन दिवसांतील एका दिवशी मी थांबलो असतो तर तो नक्की टिकला असता, असे मी म्हणत नाही. पण थांबलो नाही, एवढे मात्र खरे. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत मी उपासनेत किती वेळा वाचून दाखविला असेल! याजक व लेवी वाट सोडून का गेले, याचे कारण तेथे दिलेले नाही. हल्ली तो वाचताना मला वाटते, त्यांनाही कदाचित कोठे वेळेवर पोहोचावयाचे असेल.

हा प्रश्न एकट्या माझा नाही व आजचाही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींनी किती माणसे मारिली हे सरकारास दिसून आले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी खास ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडे मोकळ्या, हवेशीर वसाहती आखल्या. गिरगावची कुटुंबे हळूहळू दादरास, मग पार्ल्यास, मग त्याही पलीकडे गेली. मुलांना हवा मिळाली, अंगण मिळाले. आणि त्याचे मोल घरातील कर्त्या माणसाने सकाळ-संध्याकाळ लोकलच्या दांड्याला लोंबकळून दिले. माझे एक मामा कल्याणहून बोरीबंदरास जात. ते म्हणत, "मुलांना मी रविवारचाच बाप आहे." लहानपणी आम्हांस तो विनोद वाटे.

मनुष्य असे का करितो, याचा विचार विद्वानांनीही केला आहे. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडिले की, कोणत्याही काळातील मनुष्य सरासरी दिवसाचा सुमारे एक तास येण्याजाण्यात घालवितो. पायी चालणारा असो की मोटारीत बसणारा, तास तोच, केवळ अंतर वाढते. म्हणजे वेगवान वाहन मिळाले की आपण वेळ वाचवीत नाही, घर लांब नेतो. पुढे झुरिक विद्यापीठातील ब्रूनो फ्राय व आलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची माहिती तपासली. ज्यांचा प्रवास लांब, त्यांस वस्तुतः चांगल्या घराने किंवा अधिक पगाराने भरपाई मिळावयास हवी. परंतु ते लोक एकंदरीत कमी समाधानी आढळले. आपल्या भागात ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुटली. या सोयींचा आनंद मलाही आहे. परंतु वाचलेला वेळ आपण कोणाच्या हाती देणार, हे कोणताही महामार्ग ठरवून देत नाही.

माझे डोळे उघडले ते मात्र विद्वानांच्या ग्रंथांनी नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि मी सात वर्षांत प्रथमच त्या सुंदर वसाहतीत दिवसभर राहिलो. तेव्हा कळले की, आमच्या समोरच्या दारातील वृद्ध गृहस्थ निवृत्त भूगोल-शिक्षक होते! सात वर्षे आम्ही जिन्यात एकमेकांना केवळ मान हलवीत होतो. खालच्या मजल्यावरील कुटुंबाने आम्हांस दूध आणून दिले. माझ्या पत्नीने त्यांच्या सुनेस बाळंतपणात डिंकाचे लाडू करून दिले. मी गच्चीवर चार मुलांना बीजगणित शिकवू लागलो. वसाहत तीच, रस्ते तेच, झाडे तीच. पण शेजार आता उत्पन्न झाला. तोवर आम्ही तेथे केवळ झोपावयास जात होतो. शेजार हा घराबरोबर विकत मिळत नाही, तो तासांनी घडवावा लागतो. आणि चांगल्या शेजारासाठी मी जे मोल देत होतो, ते नेमके त्याच तासांचे होते. कापड आणावयास निघालेल्या मनुष्याने वाटखर्चासाठी सूतच विकावे, तसा हा व्यवहार झाला होता.

शाळा पुन्हा सुरू झाल्या, आणि गाडीही. ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्री आई न्हाणीत पाय घसरून पडली. मला पहाटे पाच वाजता दूरध्वनी आला. पहिली गाडी धरून मी पोहोचलो तोवर सर्व काही होऊन गेले होते. जिच्या घरातील भांडणे साऱ्या आळीला ऐकू जातात म्हणून आम्ही नाक मुरडीत असू, त्या शेजारच्या मावशींनी आईची हाक भिंतीपलीकडून ऐकिली होती. भिंत पातळ होती म्हणूनच ऐकू आली! गल्लीत वाहन येईना, तेव्हा दोन मुलांनी आईस खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेले. त्या दोघांपैकी एक कोण होता म्हणाल? तोच, फाटकाशी तीन दिवस उभा राहिलेला. आता तो मिसरूड फुटलेला तरुण झाला होता. रुग्णालयाच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता. मी म्हणालो, "त्या वेळी तुला काय बोलायचे होते रे?" तो म्हणाला, "जाऊ द्या सर, आता आठवत नाही." त्यास आठवत होते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

आईचे हाड सांधले. ती काठी घेऊन का होईना, पुन्हा पडवीत बसू लागली. पण माझा निर्णय त्या बाकावरच झाला.

या विचारात मला आपल्याच जालन्यातील एका थोर पुरुषाची आठवण होई. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मले, मुंबईस मिशनच्या शाळेत शिकले व १८४३ साली ख्रिस्ती झाले. पुढे १८६० च्या दशकात ते जालन्यास येऊन राहिले. ज्या दीन, अस्पृश्य मानलेल्या लोकांत ते काम करीत त्यांना धड वस्ती नव्हती. तेव्हा निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्यापासून काही मैलांवर बेथेल नावाचे गाव वसविले. एवढ्या विद्वान मनुष्यास मुंबई-पुण्यास चांगल्या वस्तीत राहणे अशक्य नव्हते. परंतु चांगली वस्ती शोधीत जाण्याऐवजी जेथे आपले काम, तेथेच ती निर्माण करण्याचा मार्ग त्यांनी पत्करिला. माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाने गाव वसविणे शक्य नाही. पण एक ओटा पुन्हा भरविणे तर शक्य होते.

मार्च २०२३ मध्ये मुलीची दहावीची परीक्षा झाली आणि जून महिन्यात आम्ही परत आलो. पत्नीने एकच अट घातली होती : अंगणात मोठा हौद आणि वर टाकी बांधल्याशिवाय ती पाऊल टाकणार नाही. अट न्याय्य होती. गाडीच्या पासाचे व भाड्याचे वाचणारे पैसे धरून आम्ही आधी ते काम केले. परंतु सर्वच जमा आणि खर्च काहीच नाही, असा हिशेब जगात नसतो. मुलीच्या साऱ्या मैत्रिणी तिकडे राहिल्या. ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, तुम्ही तुमच्या गावी आलात, माझे गाव ते होते." याचे उत्तर मजजवळ तेव्हा नव्हते व आजही नाही. तिचे बोलणे मी लपविले असते तर हा लेख खोटा झाला असता.

आणखी एक गोष्ट न्यायाची म्हणून लिहितो. हजारो लोक हौसेने नव्हे, निरुपायाने प्रवास करितात. पती एका तालुक्यात व पत्नी दुसऱ्या तालुक्यात नोकरीस. खेड्यात राहावयास घर नाही. दुखणाईतास दवाखाना नाही. ग्रामीण शिक्षकांनी शाळेच्या गावीच राहावे, हा विषय २०२२ साली विधानसभेत निघाला व त्यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणा एका पक्षास शिक्षा फर्माविण्याचा अधिकार मला नाही. मीच दहा वर्षे साठ किलोमीटरवर राहिलेला आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्यास निवड करणे शक्य आहे त्याने ती पूर्ण हिशेबाने करावी.

सुजाण पालकहो, घर पाहावयास जाल तेव्हा खोल्या, पाणी, रस्ता, शाळा हे सर्व अवश्य पाहा. पण एका कागदावर आठवड्याचे तासही मांडा, आणि प्रत्येक तासापुढे तो आज कोणाजवळ जातो त्याचे नाव लिहा. ती नावे वाचून मग काय ते ठरवा. आणि मुलांनो, दूर राहणाऱ्या मनुष्याचे गणित तुमच्या पुस्तकात पुन्हा येईल तेव्हा सरासरी वेग बिनचूक काढा. परंतु तो मनुष्य इतक्या लांब राहतोच कशाला, हेही विचारण्यास भिऊ नका. त्या प्रश्नाबद्दल मी त्या दिवशी ज्यास खाली बसविले, त्याची येथे क्षमा मागतो.

हल्ली ओट्यावर सायंकाळी सहा मुले येतात. त्या दुकानातला तरुण काम आटोपून रात्री आठनंतर येतो. दहावीच्या परीक्षेस बाहेरून बसावे असे त्याच्या मनात आहे. बीजगणित तो पार विसरला आहे. आम्ही अपूर्णांकांपासून पुन्हा आरंभ केला आहे.